घरच्या सँडब्लास्टिंग पेटीचा जोर कुठं जातो?

कोल्हापुरात जुनी गाडी नवी करायचं वेड काही कमी होत नाही. कुणाच्या परड्यात आजोबांची राजदूत उभी असते, कुणाला शेडमध्ये सडलेली चेतक परत रस्त्यावर आणायची असते. वायर ब्रश आणि पॉलिश पेपर घासून हात भरून आले की माणूस व्हिडिओ बघायला लागतो. मग उद्यमनगरातून, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतून, अँगल आणि पत्रा येतो, हवेनं दाणे मारून गंज उडवायची सँडब्लास्टिंगची पेटी वेल्ड होते, पुढं काच, दोन भोकांत रबरी हातमोजे, ऑनलाइन मागवलेली गन, आणि कोपऱ्यात पंक्चरवाल्याकडून जुना घेतलेला कॉम्प्रेसर.

पहिलं मिनिट झकास जातं. गंज डोळ्यांदेखत उडतो, खाली करडं लोखंड दिसायला लागतं. मग गनचा आवाज बसतो, धार मऊ पडते आणि काचेआड नुसता धुरळा उरतो. मडगार्डचा तळहाताएवढा भाग साफ व्हायला अर्धा तास लागतो. इथं बहुतेकांचा संशय गनवर जातो. चायना माल म्हणून ती बदलली जाते आणि नवी गनही तेच रडगाणं गाते. उद्यमनगरातल्या एखाद्या मुरलेल्या मेस्त्रीला दाखवलं तर तो पेटीकडं बघतसुद्धा नाही. "गन चांगलीच हाय मालक, पण हवा कुठं हाय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. घरच्या पेटीचं दुखणं दहातल्या आठ वेळा हवेचं असतं, आणि ते बहुधा नवा कॉम्प्रेसर न घेता बरं होतं.

पेटीत घडतं काय?

सँडब्लास्टिंग म्हणजे दाबाखालच्या हवेनं कडक दाणे पत्र्यावर मारून गंज आणि रंग उडवणं. या दाण्यांना धंद्यात मीडिया म्हणतात. घरगुती पेटीत बहुधा सक्शन गन असते आणि तिच्यात दोन भोकं महत्त्वाची. आतलं बारीक भोक म्हणजे जेट. त्यातून फक्त हवा सुटते. त्याच्यासमोरचं मोठं भोक म्हणजे नोझल. त्यातून हवा आणि दाणे मिळून बाहेर पडतात. जेटची हवा सुसाट वेगानं नोझलमध्ये शिरते तेव्हा मधल्या पोकळीत दाब घटतो आणि खालच्या हॉपरमधले, म्हणजे नरसाळ्यासारख्या कप्प्यातले, दाणे पाइपातून आपोआप वर ओढले जातात. म्हणजे एकाच हवेला दोन कामं आहेत: दाणे उचलायचे आणि मारायचे.

दाण्याचा मार त्याच्या वेगाच्या वर्गावर ठरतो. वेग निम्मा झाला की मार एक चतुर्थांश. म्हणून दाब थोडा पडला तरी काम मात्र भलतंच पडतं.

हवेचा हिशोब

कॉम्प्रेसरवर दोन आकडे बघायचे असतात. दाब पीएसआयमध्ये मोजतात. तो आकडा सगळे बघतात. दर मिनिटाला किती घनफूट हवा मिळते ते सीएफएममध्ये मोजतात, आणि तिकडं कुणी बघत नाही. प्लेटवर छापलेला सीएफएम पुष्कळदा पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला असतो. प्रत्यक्षात हातात येणारी हवा त्याहून बरीच कमी असते. छोट्या पिस्टन कॉम्प्रेसरला एका एचपीमागं ३ ते साडेतीन सीएफएम धरले तर फसगत होत नाही. ३ एचपीचा कॉम्प्रेसर म्हणजे १० सीएफएम, मिनिटाला साधारण २८० लिटर.

आता गनकडं या. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गनमध्ये जेट एक सुती, म्हणजे तीन मिलिमीटरहून जरासं मोठं असतं. ८० पीएसआय दाबावर एवढ्या भोकातून जवळपास २० सीएफएम हवा निघून जाते. येतात १०, जातात २०. गच्चीवरच्या टाकीत करंगळीएवढ्या पाइपातून पाणी येत असेल आणि खाली दोन इंची नळ सताड उघडला असेल तर जे होतं तेच इथं होतं. आधी भरलेली टाकी आहे तोवर धबधबा, नंतर येईल तेवढंच.

हे 'नंतर' किती लवकर येतं तेही काढता येतं. २०० लिटरची टाकी ८ बारपासून साडेपाच बारपर्यंत (साधारण ८० पीएसआय) उतरताना ५०० लिटर हवा देते. जेटला मिनिटाला ५६० लिटर लागतात, कॉम्प्रेसर २८० भरतो, तूट २८० ची. ५०० भागिले २८०, म्हणजे पावणेदोन मिनिटं. तिथून पुढं दाब घसरत घसरत ३५ पीएसआयच्या आसपास येऊन थांबतो, कारण तेवढ्या दाबावरच त्या भोकातून १० सीएफएम जातात. पहिल्या मिनिटाची मजा आणि नंतरची रड यांचं सगळं गणित एवढंच. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. हवा सहाएक टक्के विरळ, तेवढी खोट आणखी धरा. पण एवढ्यावरून डोक्याला हात लावायचं कारण नाही.

उपाय स्वस्त आहे. जेट बारीक करा. भोकाचा व्यास निम्मा केला की हवेचा खर्च एक चतुर्थांशावर येतो. सव्वादोन मिलिमीटरचं जेट ८० पीएसआयवर साधारण १० सीएफएम खातं, २ मिलिमीटरचं ८. छोट्या कॉम्प्रेसरला अधूनमधून दम घ्यावा लागतो, म्हणून ३ एचपीवाल्यानं २ मिलिमीटरच धरलेलं बरं. हे जेट पितळेचं चालतं, कारण त्यातून फक्त हवा जाते, दाणे नाहीत. उद्यमनगरात लेथवर बसलेला कारागीर जुनं जेट बघून चहा येईपर्यंत नवं कातून देतो. भोक मात्र सरळ आणि मधोमध पाहिजे. जेट तिरकं असेल तर धार नोझलच्या एकाच बाजूला घासते आणि नोझल अंडाकृती होतं.

जेट बदललं की नोझलही बदलायचं. नोझलचा व्यास जेटच्या दुप्पट ते अडीचपट असावा, म्हणजे २ मिलिमीटरला साडेचार-पाच. त्याहून मोठं ठेवलं तर हवा पसरते, आणि लहान ठेवलं तर ती उलटी मीडियाच्या पाइपात शिरून हॉपरमध्ये बुडबुडे काढते. दाणे जातात ते या नोझलमधून, त्यामुळं इथं पितळ किंवा साधं लोखंड टिकत नाही. सिरॅमिकचं नोझल स्वस्त पण लवकर झिजतं. टंगस्टन कार्बाईडचं महाग, पण कितीतरी पट जास्त चालतं. झीज बघायला ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी वापरा. पाचच्या नोझलमध्ये सहाची दांडी बसायला लागली की ते बदलायची वेळ झाली.

दाबच वाढवला तर?

टाकीचा प्रेशर स्विच फिरवून दाब वाढवायचा मोह अनेकांना होतो. त्यानं तूट भरून निघत नाही. उलट त्याच भोकातून हवा आणखी जोरात पळते, कॉम्प्रेसर जास्त तापतो आणि टाकीवर ताण येतो. जुन्या टाकीच्या बुडाला आतून गंज चढलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावू नका, टाकीला वेल्डिंग करू नका. दुसरी टाकी जोडली तर पावणेदोन मिनिटांची साडेतीन होतील. छोट्या तुकड्यांसाठी तेवढी सवड कामाची आहे, पण तूट तशीच राहते.

सक्शन सोडून प्रेशर पॉट का नको, असंही विचारलं जातं. त्यात दाण्यांचं भांडंच दाबाखाली असतं, मार कितीतरी कडक बसतो आणि त्याच हवेत काम दुपटीहून जास्त होतं. पण १० सीएफएमवर त्याला इतकं बारीक नोझल लागतं की एखादा मोठा दाणा आला तरी ते तुंबतं. शिवाय जुन्या गॅस सिलिंडरचा नाहीतर आग विझवायच्या नळकांड्याचा पॉट करणारे लोक आहेत. त्यांच्या शेजारी मी उभा राहणार नाही.

वाटेत हरवणारी हवा

कॉम्प्रेसरवरचा काटा कॉम्प्रेसरजवळचा दाब दाखवतो, गनजवळचा नाही. त्यातही ट्रिगर सोडलेला असताना सगळीकडं दाब सारखाच दिसतो. म्हणून गनच्या अगदी मागं एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि दाब दाखवणारं छोटं गेज बसवा आणि ट्रिगर दाबून धरल्यावर ते काय म्हणतं ते बघा. लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळणारं साधं गेज पुरतं. पेटीत काहीही बदल करण्याआधी हे एक काम करा, पुढचे अंदाज वाचतात.

टाकीवर ८० आणि गनजवळ ५० दिसलं तर चोर पाइपात आहे. तो निळा गुंडाळीचा पीयू पाइप दिसतो आठ मिलिमीटरचा, पण तो बाहेरून आठ. आतून पाचच. असल्या दहा मीटर पाइपातून १० सीएफएम नेताना २० ते २५ पीएसआय घर्षणातच जातात. हे नुकसान व्यासाच्या साधारण पाचव्या घातानं बदलतं. आतला व्यास दुप्पट केला की नुकसान बत्तीसाव्या हिश्श्यावर येतं. म्हणून टाकीपासून गनपर्यंत आतून अर्धा इंची, म्हणजे चार सुती रबरी पाइप घ्या आणि लांबी गरजेपुरतीच ठेवा. झटपट लावायचे कपलरही आतून चिंचोळे असतात. ओळीत तीन-चार असले तर एक ठेवून बाकीचे काढा.

जून ते सप्टेंबर

पावसाळ्यात पेटी अडते ती पाण्यामुळं. आपल्याकडं जुलैत हवा कशी चिंब असते ते सांगायला नको. अशी हवा आठ-नऊ पट दाबून परत थंड झाली की तिच्यातली बहुतेक वाफ धरून ठेवायला जागाच उरत नाही. २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर १० सीएफएमचा कॉम्प्रेसर तासाला पाव लिटरहून जास्त पाणी काढतो. ते गनपर्यंत पोचलं की मीडियाचे गोळे होतात आणि धार धापा टाकायला लागते.

वॉटर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारं भांडं, लावला तरी पाणी येतंच, अशी तक्रार बरेचजण करतात. ट्रॅप बहुधा कॉम्प्रेसरलाच चिकटवलेला असतो. तिथं हवा गरम असते, आणि गरम हवेतलं पाणी वाफेच्या रूपात ट्रॅपमधून सरळ निघून जातं. पुढं पाइपात थंड झाल्यावर त्याचं पाणी होतं. म्हणून कॉम्प्रेसरनंतर आधी सहा-आठ मीटर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप भिंतीवरून फिरवा, हवा थंड होऊ द्या आणि ट्रॅप शेवटी, गनच्या बाजूला बसवा. पाइपाला थोडा उतार द्या, सगळ्यात खालच्या टोकाला ड्रेन कॉक लावा आणि गनची जोडणी पाइपाच्या वरच्या अंगानं काढा. टाकीच्या बुडाचा कॉक रोज उघडायचा. यातलं एवढं एक जरी पाळलं तरी फरक दिसतो. रात्री पेटी झाकायच्या आधी मीडिया डब्यात भरून झाकण घट्ट लावा.

दाणे वर येत नाहीत

हवा पुरेशी आहे, कोरडी आहे, तरी धार तुटते. मग हॉपर बघा. बुड सपाट असेल तर दाणे कडेला बसून राहतात आणि पाइपाच्या तोंडाशी खड्डा पडतो. उतार साठ अंशांच्या आसपास पाहिजे, पंचेचाळीसच्या खाली नको.

उचलणाऱ्या नळीचं तोंड दाण्यांत पूर्ण गाडून टाकणं ही नेहमीची गफलत. दाण्यांबरोबर थोडी हवाही आत गेली पाहिजे, नाहीतर नळी गच्च होते. नळीला दाण्यांच्या वरच्या भागात एक बारीक भोक पाडा आणि त्यावर सरकती कडी बसवा. कडी थोडी थोडी सरकवत जा, कानाला फरक कळतो. दाणे जास्त आले की गन गुरगुरते, कमी आले की नुसती शिट्टी वाजते. मधला एकसारखा सू-सू आवाज आला की कडी तिथंच पक्की करा. धार दाट दिसली म्हणजे काम जास्त होतं, असं नाही. तेवढ्याच हवेला जास्त दाणे पळवायला लागले की प्रत्येक दाणा हळू जातो. मीडियाचा पाइप मीटरभराचाच असू द्या, त्याला झोल आणि वेटोळी नकोत.

दाण्यांच्या आकाराचंही तसंच. जाड दाणा जोरात मारेल असं वाटतं, पण बारीक जेटला तो पेलत नाही. दाण्याचा आकार मेशमध्ये, म्हणजे चाळणीच्या भोकांच्या आकड्यात, सांगतात. हा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. घरच्या गनला ६० ते ८० मेश ठीक. गंज आणि रंगासाठी अॅल्युमिनियम ऑक्साईड, अॅल्युमिनियमचे नाजूक भाग चकचकीत करायला ग्लास बीड, म्हणजे काचेचे बारीक मणी. बीड ४०-५० पीएसआयच्या वर नेले तर नुसते फुटतात. दर दोन-तीन कामांनी मीडिया चाळून भुकटी बाजूला काढा.

फौंड्रीची वाळू फुकट मिळते की!

मिळते, खरं आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पट्ट्यात फौंड्र्यांना, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांना, तोटा नाही आणि वापरलेली वाळू टाकायला जागा शोधतच असतात. पण ही वाळू ब्लास्टिंगला वापरू नका.

वाळूचा कण म्हणजे सिलिका. तो पत्र्यावर आदळून फुटतो आणि त्याची इतकी बारीक धूळ होते की ती डोळ्याला दिसत नाही, नाकात अडत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथं व्रण धरतात आणि फुप्फुस कडक होत जातं. हा सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही, आणि वाळूचं काम सोडलं तरी तो वाढत राहू शकतो. ओतीव मालावर वाळूनं ब्लास्टिंग करायला ब्रिटननं १९४९ च्या नियमांनी बंदी घातली. आपल्याकडं १९४८ च्या कारखाने अधिनियमात ज्या आजारांची खबर सरकारला देणं बंधनकारक ठरवलं, त्यांत सिलिकोसिस होता.

"पेटी तर बंद असते," हा त्यावरचा नेहमीचा युक्तिवाद. घरच्या पेटीचं दार, हातमोज्यांच्या कडा, काचेची फ्रेम, सगळीकडून धूळ झिरपते. शिवाय दार उघडून साफ केलेला भाग बाहेर काढताना आणि मीडिया भरताना तुमचं तोंड त्या धुळीवरच असतं. "मी कुठं रोज करतो?" हाही युक्तिवाद ऐकू येतो. पण ज्या शेडमध्ये ही धूळ बसते तिथं पोरं खेळतात, घरची माणसं झाडू मारतात. बरं, वाळू एका फेरीत फुटून भुकटी होते, तर अॅल्युमिनियम ऑक्साईड अनेक फेऱ्या चालतं. म्हणजे फुकटच्या वाळूत पैसेही वाचत नाहीत.

मीडिया कोणताही असला तरी गंजाची आणि जुन्या रंगाची धूळ असतेच, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. दार उघडताना आणि धूळ रिकामी करताना एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क घाला. रुमाल बांधून काही होत नाही. जुन्या ब्रेक शूच्या लायनिंगवर ब्लास्टिंग करू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

दिसलं तर साफ होणार

काचेआड धुकं असेल तर माणूस एकाच जागी मारत बसतो आणि हवा वाया जाते. पेटीला व्हॅक्युम क्लीनर जोडतात, पण हवा आत यायला वाट ठेवत नाहीत. बाहेरची हवा शिरायला एका बाजूला वरती भोक करा, आतून त्यापुढं पत्र्याची आडोशी पट्टी लावा म्हणजे दाणे बाहेर उडणार नाहीत, आणि ओढणारा पाइप समोरच्या बाजूला जोडा. काम चालू असताना मोकळे हातमोजे आतल्या बाजूला फुगलेले दिसले तर ओढ बरोबर आहे. ते तुमच्याकडं फुगत असतील तर धूळ खोलीत येतेय. घरातल्या क्लीनरची पिशवी पाच मिनिटांत भरते, म्हणून मधे झाकणाच्या बादलीचा सायक्लोन, म्हणजे हवा गोल फिरवून धूळ वेगळी करणारं साधन, लावतात. जड धूळ बादलीतच पडते. लोखंडाचा गंज आणि अॅल्युमिनियम यांची धूळ एकाच बादलीत साठवू नका. दोन्ही मिळून भयानक पेटू शकतात. आणि पेटीला अर्थिंग द्या, नाहीतर स्थिर विजेचे झटके बसतात.

ग्रीस लागलेला भाग तसाच आत घालू नका. तेल मीडियात मिसळलं की सगळा मीडिया बाद. जाड, लवचिक रंगावर दाणे उसळून परत येतात, तो आधी पेंट रिमूव्हरनं काढा. गन १०-१५ सेंटिमीटरवर आणि थोडी तिरकी धरा. पावसाळ्यात ब्लास्ट केलेलं लोखंड काही तासांत लालसर पडतं, म्हणून उघड्या हातानं न धरता त्याच दिवशी प्रायमर मारा.

एवढा खटाटोप कशाला, बाहेर द्या की

अख्खी चेसी असेल तर जरूर बाहेर द्या. १० सीएफएमवर चेसी करणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं. फक्त कुठं देताय ते बघा. फौंड्रीच्या शॉट ब्लास्टिंग मशीनमध्ये पोलादी छर्रे ओतीव मालासाठी असतात. त्यात चेतकचं साइड पॅनेल घातलं तर परत येताना ते पापडासारखं वाकडं येईल. पातळ पत्र्याला बारीक मीडिया आणि कमी दाब लागतो, हे देतानाच बजावून सांगा.

ब्रॅकेट, लिव्हर, हब, नट-बोल्ट, टूलबॉक्सचं झाकण यांच्यासाठी घरची पेटी उत्तम. कार्ब्युरेटरची बाहेरची बॉडी ग्लास बीडनं सुंदर निघते, पण आधी त्याची सगळी भोकं जुने स्क्रू आणि रबरी बुच लावून बंद करा आणि नंतर प्रत्येक वाट धुऊन हवा मारून बघा. क्रँककेस किंवा सिलिंडर हेड मात्र पेटीत घालू नका. कोपऱ्यात अडकलेला एक बीड ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोचला, तर नुकतंच बांधलेलं इंजिन पुन्हा खोलावं लागतं.